‘उन्हाळी लागली’ला केस पेपरवर जागा हवी

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातली एक आजी ओपीडीत आली होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी तिची हिस्टरी घेत होती. आजी म्हणाली, “चार दिस झाले गं बाई, उन्हाळी लागलीया.” मुलगी इंग्रजी माध्यमातून शिकलेली, घरी मराठी बोलणारी. दिवस एप्रिलचे. तिने केस पेपरवर लिहिलं, ‘उन्हाचा त्रास’. गर्दी होती, डॉक्टरांनी कागद पाहिला, भरपूर पाणी आणि ओआरएस प्यायला सांगून आजीला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती थंडी वाजून ताप भरलेल्या अवस्थेत परत आली, कुशीत हात लावू देत नव्हती. संसर्ग मूत्रमार्गातून किडनीपर्यंत चढला होता.

उन्हाळी लागणे म्हणजे लघवी करताना जळजळ होणे, थेंब थेंब होणे. आपल्या भागातल्या कुठल्याही पन्नाशीच्या बाईला हे सांगावं लागत नाही. वैद्यकात याला डिस्युरिया म्हणतात. त्या मुलीने आदल्याच महिन्यात चाचणी परीक्षेत डिस्युरियाची व्याख्या बिनचूक लिहून दोन गुण मिळवले होते. मी तिची ट्यूटर होते, ते दोन गुण मीच दिले होते. आजीने तिच्यासमोर डिस्युरियाच सांगितला आणि तिला तो ओळखू आला नाही.

आजी बरी झाली. मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की कळली आहे आणि ती मी भेटेल त्याला सांगते. वैद्यकीय संज्ञा रुग्णाच्या तोंडच्या शब्दापर्यंत परत नेता आली, तरच ती आली असं म्हणावं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात दरवर्षी कितीतरी मुलंमुली नर्सिंग, लॅब टेक्निशियन, ओटी टेक्निशियन, फार्मसी अशा अभ्यासक्रमांना जातात. त्यांना संज्ञा शिकवण्याची आपली रीत दोन्ही टोकांनी तुटलेली आहे. शब्द आतून उघडून दाखवला जात नाही, आणि बाहेर तो कुणाच्या तोंडून कसा ऐकू येईल हेही सांगितलं जात नाही. मधल्या मध्ये घोकंपट्टी तेवढी राहते.

घोकंपट्टी कशी असते ते पाहायचं असेल तर पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलीची वही उघडा. एका वहीत ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ हा शब्द पानभर, एकाखाली एक लिहिलेला मी पाहिला आहे. शेवटच्या ओळींत त्यातला एक ‘टी’ गळाला होता आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसून शब्दावर दोन उभ्या रेघा मारल्या. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणे. तिने तीन तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, म्हंजे पित्ताची पिशवी काढायची?” मग मी विचारलं, ‘सिस्टायटिस’? आयटिस म्हणजे दाह हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, “पिशवीला सूज. कुठल्या पिशवीला?” तो प्रश्नच मला हवा होता. पुढे पित्त लागलेलं नसेल तर सिस्ट म्हणजे मूत्राशय, एवढंच सांगायचं उरलं होतं. मग कोलेसिस्टायटिस तिने स्वतः जोडला. पान भरून लिहिलेला एक शब्द पाठ झाला नव्हता, आणि दहा मिनिटांत तिच्या हाती तीन आले.

मराठी माध्यमाच्या पालकांशी बोलताना मला नेहमी एक वाक्य ऐकायला मिळतं: “आमची पोरगी मराठी शाळेतली, तिला हे जमंल काय?” हा न्यूनगंड खोटा आहे. वैद्यकातले शब्द बहुतांशी ग्रीक आणि लॅटिन आहेत, इंग्रजी नाहीत. गॅलनसारखे वैद्य रोमन साम्राज्यात राहूनही ग्रीकमध्ये लिहीत, पुढे युरोपातली विद्यापीठं लॅटिनमध्ये शिकवत, आणि त्यांचे शब्द जगभर पसरले. टिळकवाडीतल्या इंग्रजी शाळेच्या मुलीला ‘नेफ्रॉस’ म्हणजे किडनी हा ग्रीक शब्द जेवढा परका, तेवढाच येळ्ळूरच्या मराठी शाळेतल्या मुलीला परका. उलट येळ्ळूरच्या मुलीपाशी एक किल्ली जास्त असते. तिला शाळेत उपसर्ग आणि प्रत्यय शिकवलेले असतात.

विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. भाषाशास्त्राच्या पुस्तकातली ही गोष्ट नर्सिंगच्या वर्गात थेट कामाला येते. आपण ‘अशक्त’ म्हणतो तिथे ‘अ’, आणि पुढे स्वर आला की ‘अनिच्छा’ म्हणतो तिथे ‘अन्’. ग्रीकमध्ये अगदी हाच नियम आहे. फेजिया म्हणजे बोलणं, म्हणून बोलणं गेलं तर ॲफेजिया. लघवीच्या शब्दाची सुरुवात स्वराने होते, म्हणून लघवी तयार होणं बंद झालं तर अन्युरिया. आपला ‘दुर्’ किंवा ‘दुस्’ दुर्गंधात आणि दुष्काळात आहे, तोच ‘डिस्’ होऊन डिस्युरियात आणि डिस्प्नियात बसला आहे, म्हणजे त्रासाची लघवी, त्रासाचा श्वास. आपला ‘परि’ परिसरात आहे, तिकडे ‘पेरि’ होऊन हृदयाभोवतीच्या आवरणाला पेरिकार्डियम म्हणतो. अस्थि आणि ऑस्टिऑन, दंत आणि डेंटल, नासिका आणि नेझल ही जोडी तर ऐकताक्षणी कळते. कार्डिया आणि हृदय हे दोन शब्दही मुळात सख्खे आहेत, ऐकून मात्र पटत नाही.

प्रत्येक सारखा वाटणारा शब्द नातेवाईक नसतो, हेही त्याच तासाला सांगायला हवं. पीडियाट्रिक्समधला ‘पीड’ म्हणजे पाय नव्हे, मूल. पद पाहून तिकडे गेलात तर फसाल. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांनाही ही किल्ली बऱ्यापैकी लागते, कारण कन्नड वेगळ्या कुळातली असली तरी तिने संस्कृतातून घेतलेले शब्द भरपूर आहेत.

सगळ्यांत महत्त्वाची जोडी ‘हायपर’ आणि ‘हायपो’. संस्कृतातला ‘उपरि’ आणि ‘उप’. उपरि म्हणजे वर. उप म्हणजे खालचा, कमी: मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक. हे एकदा डोक्यात बसलं की जन्मात निसटत नाही. मी यावर एवढी का अडते, त्याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वॉर्डात रात्रपाळीला मधुमेहाचे एक काका होते. पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय गळले, बोलणं असंबद्ध झालं. फोनवरून कळवताना ‘हायपो’ म्हटलं गेलं, ऐकणाऱ्या नव्या मुलीने ‘हायपर’ लिहिलं आणि ती इन्सुलिन भरायला वळली. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या सिस्टरनी तिचा हात धरला आणि आधी ग्लुकोमीटर लावायला सांगितलं. साखर ४६ होती. ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की आपण हायपोग्लायसेमिया म्हणतो. त्या क्षणी इन्सुलिन गेलं असतं तर काका दुपार पाहते ना. म्हणून माझ्या वर्गात फोनवर कुणी नुसतं ‘हायपो’ म्हणायचं नाही, ‘हायपो, म्हणजे कमी’ असं म्हणायचं आणि आकडा सांगायचा, ही सक्ती असे.

लघुरूपांचंही तेच. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज लागली तर. सगळी लॅटिन. पण डोळ्यांच्या वॉर्डात ओडी म्हणजे उजवा डोळा, तेही लॅटिनच. ही दोन ओडी एकमेकांशेजारी ठेवून शिकवली नाहीत, तर मुलगी ती शिकेल चुकीच्या डोळ्यात थेंब पडल्यानंतर.

प्रत्ययांची गल्लत किती महागात पडते याचा एक निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. दिल्लीतल्या एका बाईने संमतिपत्रावर सही केली होती ती लॅपरोस्कोपीसाठी, ‘लॅपरोटॉमी लागू शकेल’ एवढी जोड देऊन. स्कोपी म्हणजे दुर्बिणीने पाहणं. टॉमी म्हणजे छेद घेणं. ती भुलीखाली असताना तिच्या आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले गेले, म्हणजे हिस्टरेक्टॉमी आणि ऊफोरेक्टॉमी. न्यायालयाने सांगितलं की एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, आणि संमती खरी ठरायची तर रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. पाहणं, कापणं, काढून टाकणं. तीन प्रत्ययांत एका बाईचं अख्खं आयुष्य होतं. आता आपल्या भागातली संमतिपत्रं डोळ्यांसमोर आणा. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये छापलेला कागद, आणि कंग्राळीच्या बाईच्या अंगठ्याला शाई लावणारी नर्स. त्या नर्सला ‘एक्टॉमी’ म्हणजे ‘काढून टाकणार, परत बसवता येणार नाही’ असं मराठीत म्हणता आलं नाही, तर त्या अंगठ्याला काय किंमत?

आता दुसरं टोक, रुग्णाच्या शब्दाचं. दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत ते मोजून पाहा. पोटात कळ येते, ती येते आणि जाते. गळवात ठणका लागतो, नाडीबरोबर ठोके देतो. पाठीत उसण भरते, फासळीत चमक निघते, मान अवघडते, छातीत जळजळ होते, मांडीला रग लागते, पोटात मुरडा येतो, पायाला मुंग्या येतात. हिस्टरीच्या फॉर्मवर दुखण्याच्या प्रकाराचा एक रकाना असतो, आणि आपल्या आज्या-मावश्या तो रकाना एका शब्दात भरून देतात. कळ म्हटली की पोकळ नळीसारख्या अवयवाचं आकुंचन, आतडं, पित्तनलिका, मूत्रनलिका, इकडे डॉक्टरांचं लक्ष जायला हवं. ठणका म्हटला की पू झाला आहे का ते पाहायला हवं. अर्ध्या निदानाची वाट त्या शब्दात असते. आणि आपण केस पेपरवर काय लिहितो? ‘पेन’, पुढे अधिकचं चिन्ह. बाईने सोनं दिलं, आपण चिल्लर लिहिली.

पुण्या-मुंबईत छापलेली परिभाषा इथे पुरी पडत नाही, हेही सांगते. पुस्तकी मराठीत किडनीला वृक्क म्हणतात. आमच्याकडे वृक्क म्हटलं तर रुग्ण तोंडाकडे पाहत राहतो. किडनी म्हटलं तर लगेच कुशीवर हात ठेवतो. बीपी, शुगर, सलाईन, फिट हे शब्द आता मराठीच आहेत, त्यांना हाकलून देण्यात कुणाचं भलं नाही. म्हणूनच सगळं वैद्यक मराठीत आणा, या मागणीशी माझं पूर्ण जमत नाही. मध्य प्रदेशाने २०२२ साली एमबीबीएसची पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली, तो प्रयत्न मी आस्थेने पाहते. पण आपल्या पट्ट्याची गरज वेगळी आहे. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, कागवाडचा मिरजेला, खानापूरचा कधी बेळगावला तर कधी चोर्ला घाट उतरून गोव्याला. चंदगडचे, आजऱ्याचे लोक बेळगावला येतात. एकाच माणसाचं डिस्चार्ज कार्ड तीन राज्यांत फिरतं. त्यावरची संज्ञा ग्रीक असली तर ती गोव्यात बांबोळीच्या इस्पितळातही वाचता येते आणि मिरजेतही. ती संज्ञा तशीच राहू दे. ज्याच्या नावाचं कार्ड आहे त्याला मात्र ती त्याच्या भाषेत सांगितली गेली पाहिजे.

इथे एक बोलणं काही वाचकांना रुचणार नाही. मी सीमाभागात वाढले. १९५६ सालापासून चाललेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बोलला गेला आहे, आणि माझं मन मराठीकडे आहे, ते मी लपवत नाही. तरीही माझ्या मराठी विद्यार्थिनींना मी सांगत आले की वॉर्डापुरतं कन्नड आलंच पाहिजे. अथणीहून, रायबागहून आलेली बाई “होट्टी ब्यानी” म्हणाली तर तिच्या पोटात दुखतंय, हे कळायला दुभाषा शोधत फिरू नये. ‘ब्यानी’ आणि आपल्या बाळंतपणाच्या ‘वेणा’, दोन्हींचं मूळ वेदना. कन्नडची कामाले आणि आपली कावीळ संस्कृत कामलेच्याच लेकी. वांती दोन्हीकडे वांतीच. ज्वर तर आपल्या पुस्तकांतही आहे. हे शब्द परके नाहीत, आपण कान दिलेला नाही. आणि जे मी मराठी मुलींकडून मागते, तेच कन्नड मुलींकडूनही मागते. खानापूरच्या म्हातारीला “कन्नड बरल्वा?”, म्हणजे कन्नड येत नाही का, असं विचारून खाटेवर तसंच सोडून देणं हाही रुग्णावर अन्यायच आहे. खाटेवरच्या माणसाची भाषा त्या घटकेला त्या वॉर्डाची भाषा असते.

सरकारकडून मागायचं तेही स्पष्ट मागावं. तालुक्यात ज्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना मिळाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत पूर्वीच ठरलेलं आहे. फलकांसाठी आपण भांडतो. संमतिपत्र, औषधाची चिठ्ठी समजावणारा कागद, मधुमेहींच्या आहाराचं पत्रक यांसाठी कुणी निवेदन दिल्याचं मी ऐकलेलं नाही. फलक वाचता आला नाही तर माणूस रस्ता विचारून घेतो. संमतिपत्र वाचता आलं नाही तर कुणाला विचारणार?

आशा ताईंचं काम याहून अवघड. २००५ पासून ही योजना आहे, आणि खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर दारात उभं राहून विचारपूस करणारी आरोग्यखात्यातली पहिली बाई तीच असते. बोलायचं मराठीत, नोंदवायचं कन्नडमध्ये, लघुरूपं इंग्रजीत. गर्भवतीचं जे कार्ड असतं त्याला कर्नाटकात तायी कार्ड म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका ते ‘ताई कार्ड’ समजतात, आशा ताईने दिलेलं म्हणून. त्यावर एलएमपीचा रकाना असतो, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. बाई तारीख सांगत नाही. ती म्हणते, “नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी,” किंवा “यल्लम्माच्या जत्रेला निघायच्या आधी.” आशा ताई कालनिर्णय काढते, पंचमीची तारीख शोधते, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवते आणि बाळंतपणाची तारीख लिहिते. जे काम मी वर्गात शिकवायला मागते आहे, ते ही बाई उंबरठ्यावर बसून रोज करते. तिला त्यासाठी कुणी एक तासही दिलेला नसतो.

नर्सिंगच्या मुलींना मात्र तास देता येतो. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्यातला पहिला महिना, रोज एक तास, एवढंच मागते. माझ्या अनुभवात साठ-सत्तर मूळ शब्द आणि तीसेक उपसर्ग-प्रत्यय आले की पुढची पुस्तकं मुलगी आपली आपण वाचू लागते. परीक्षेत व्याख्या विचाराव्यात, पण त्याबरोबर एक तोंडी परीक्षा अशी असावी की समोर गावचा माणूस बसवायचा, त्याच्या बोलीत हिस्टरी घ्यायची, केस पेपरवर संज्ञा लिहायची, आणि रुग्णाचा मूळ शब्दही अवतरणात तसाच ठेवायचा. मग उलट, डिस्चार्ज कार्डावरची संज्ञा त्याला त्याच्या शब्दांत सांगायची. वेळ नाही म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी जांबोटीच्या आजीचा केस पेपर दाखवते. उन्हाळीचा अर्थ विचारायला अर्धा मिनिट लागला असता. तिने आठ दिवस सलाईन घेतलं.

निवृत्त झाल्यावरही काही मुली रविवारी घरी येतात. येळ्ळूरच्या एकीने तीन रकान्यांची वही घातली आहे: संज्ञा, मराठी, कन्नड. परवा तिने ‘अंगावरून जाणे’ हा शब्द काढला. मी म्हटलं, घाईने काही लिहू नकोस, बायका दोन वेगळ्या गोष्टींना हेच म्हणतात. तिने रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘विचारायचं: पांढरं की तांबडं? किती दिवस? वास येतो का?’ आणि खाली दोन संज्ञा, पांढऱ्यासाठी ल्युकोरिया आणि तांबड्यासाठी मेनोरेजिया. पांढऱ्याचा कन्नड रकाना रिकामा होता. तिच्याबरोबर आलेल्या बैलहोंगलच्या मैत्रिणीने पेन घेतलं आणि देवनागरीत लिहिलं, ‘बिळी सेरगु’. येळ्ळूरची मुलगी म्हणाली, “सेरगु म्हंजे?” मैत्रिणीने आपल्या ओढणीचं टोक धरून दाखवलं. पदर. पांढरा पदर.